व्हिटॅमिन डीच्या खालचीही ओळ वाचा

पत्र :

‘माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली. जन्माचं वजन १२३० ग्रॅम. पाच आठवडे पेटीत होती, सुरुवातीचे बरेच दिवस पोषण सलाईनमधूनच चालू होतं. आज ती नऊ आठवड्यांची आहे, वजन दोन किलो शंभर. अंगावर पिते, शिवाय काढलेलं दूध वाटी-चमच्यानं घेते. सुटी देताना डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी रोज ८०० युनिट, लोहाचे थेंब आणि काढलेल्या दुधात मिसळायला एचएमएफची पावडर सांगितली होती. पावडरीनं शी घट्ट व्हायला लागली. सासूबाई म्हणाल्या, आईच्या दुधात पावडर कशाला? म्हणून तीन आठवड्यांपूर्वी ती बंद केली. डीच्या थेंबांची पहिली बाटली संपली तेव्हा इथल्या दुकानातून दुसरी आणली, रोज एक ड्रॉपर देते. परवा लसीला गेलो तेव्हा इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी १६, ठळक अक्षरात. अल्कलाइन फॉस्फेटेज ७४०, तेही ठळक. कॅल्शियम ९.८ आणि फॉस्फरस ३.६, दोन्ही नॉर्मल. नात्यातले एक जण म्हणतात, डीचं सहा लाख युनिटचं इंजेक्शन एकदाच देऊन टाका. दुकानदार डीची साठ हजार युनिटची पुडी देतो म्हणतो. सासूबाई म्हणतात, कोवळ्या उन्हात ठेवा. गरोदरपणी माझंच डी कमी निघालं होतं. माझ्यामुळे हे झालं का? तिची हाडं कायमची ठिसूळ राहतील का?’

— एक आई, सातारा जिल्हा

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यानं तुमची झोप उडाली असणार. नाही, हाडं कायमची ठिसूळ राहायचं कारण नाही. वेळेवर लक्ष दिलं तर बहुतेक बाळांची हाडं पहिल्या एक-दोन वर्षांत भरून निघतात. पण ‘वेळेवर’ म्हणजे या आठवड्यात. ज्या दवाखान्यातून सुटी मिळाली तिथल्या नवजात विभागात उद्याच फोन करा आणि चारही आकडे वाचून दाखवा. इंजेक्शन नको, पुडीही नको. पावडर बंद आहे हे त्यांना स्पष्ट सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच माहितीवर बसणार आहे.

आता तुमचा रिपोर्ट. घरातल्या सगळ्यांचं लक्ष व्हिटॅमिन डीच्या ठळक आकड्यावर गेलं, आणि ते साहजिक आहे. मला मात्र काळजी वाटली ती ज्या ओळीपुढे ‘नॉर्मल’ आहे तिची. फॉस्फरस ३.६. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर शेजारी जी मर्यादा असते ती बहुतेक वेळा मोठ्या माणसाची असते, साधारण २.५ ते ४.५. त्या मोजपट्टीत ३.६ अगदी मधोमध बसतं, म्हणून संगणक त्याला ठळक करत नाही. तान्ह्या बाळाचं फॉस्फरस याहून बरंच जास्त असायला हवं. कमी दिवसांच्या बाळात ते ५.६ च्या खाली गेलं की आम्ही सावध होतो. म्हणजे तुमच्या लेकीचं फॉस्फरस नॉर्मल नाही, चांगलंच कमी आहे.

अल्कलाइन फॉस्फेटेजचं उलट आहे. कागदावरची मर्यादा सव्वाशे-दीडशेची असेल, त्यामुळे ७४० पाहून कोणी तुम्हाला लिव्हरची भीतीही घातली असेल. हे द्रव्य लिव्हरमध्ये असतं तसं हाडातही असतं. वाढत्या बाळाचं हाड सतत घडत असतं, म्हणून तान्हेपणी चारशे-पाचशेपर्यंतचा आकडा नेहमी दिसतो. पण हाड घडवणाऱ्या पेशी जोरात काम करताहेत आणि त्यांना माल मिळत नाही, अशी वेळ आली की हा आकडा चढत जातो. नुसता चढलेला आकडा फारसं सांगत नाही. त्याच्या जोडीला फॉस्फरस घसरलेलं असेल तर मात्र दोन्ही मिळून एकच गोष्ट सांगतात. याला कमी दिवसांच्या बाळांचा हाडांचा आजार म्हणतात. तो साधारण जन्मानंतर सहाव्या ते बाराव्या आठवड्यात डोकं वर काढतो. तुमची मुलगी नऊ आठवड्यांची आहे.

हे का होतं, ते थोडं सविस्तर सांगते, म्हणजे घरात चार माणसं चार सल्ले देतील तेव्हा तुम्हाला स्वतःला ठरवता येईल.

बाळाच्या हाडात जे कॅल्शियम आणि फॉस्फरस असतं त्यातलं जवळजवळ ८० टक्के शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून नाळेतून येतं. त्या काळात पोटातलं बाळ रोज, आपल्या वजनाच्या दर किलोमागे, १०० ते १३० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६० ते ७५ मिलिग्रॅम फॉस्फरस हाडात साठवत असतं. तुमची लेक तिसाव्या आठवड्यात बाहेर आली, म्हणजे साठा व्हायचा तो काळ नुकता सुरू झाला होता. नंतरचे दिवस सलाईनवर गेले, आणि सलाईनच्या बाटलीत कॅल्शियम आणि फॉस्फरस एका मर्यादेपलीकडे एकत्र राहत नाहीत, त्यांचा साका बसतो. कोणी कितीही काळजी घेतली तरी गर्भाशयाचा वेग तिथं गाठता येत नाही.

मग आईचं दूध. त्याच्यासारखं अन्न नाही, आणि कमी दिवसांच्या बाळासाठी तर ते औषधाइतकं मोलाचं आहे, आतड्याच्या घातक आजारापासून ते वाचवतं. पण निसर्गानं ते पूर्ण दिवसांच्या बाळासाठी बेतलेलं आहे, ज्याची हाडं पोटातच भरून आलेली असतात. शंभर मिलिलिटर दुधात कॅल्शियम २५ ते ३० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस १३ ते १५ मिलिग्रॅम. किलोमागे दीडशे मिलिलिटर दूध पोटात गेलं असं धरलं तर कॅल्शियम चाळीस-पंचेचाळीस आणि फॉस्फरस वीस-बावीस. वर दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. तुमचं दूध भरपूर आहे, बाळ नीट पितं आहे, वजन वाढतं आहे, आणि तरीही हाडाला लागणारा माल निम्म्याहून कमी येतो. यात तुमच्या दुधाची काही उणीव नाही. तुम्ही पाव किलो अळीव खाल्ले किंवा रोज नाचणीची भाकरी खाल्ली तरी दुधातलं कॅल्शियम-फॉस्फरस फारसं बदलत नाही. ते तुमच्या तब्येतीसाठी खा, जरूर खा.

म्हणून ती पावडर. एचएमएफ म्हणजे आईच्या दुधात कॅल्शियम, फॉस्फरस, प्रथिनं आणि काही जीवनसत्त्वं वाढवणारी पुडी. आईच्या दुधाऐवजी नव्हे, आईच्याच दुधात. सासूबाईंना असं सांगून पाहा : बाळ पोटात असतं तर हा माल नाळेतून गेला असता, तो आता पुडीतून जातो. शी घट्ट होणं हा खरा त्रास आहे आणि त्यावर डॉक्टरांकडे उपाय असतो, प्रमाण बदलता येतं, हळूहळू वाढवता येतं, दुसरा पर्याय देता येतो. पण न विचारता बंद केल्यानं तीन आठवडे तिला नुसत्या दुधातलंच खनिज मिळालं, तेही हाडाच्या वाढीचा वेग सर्वांत जास्त असताना. तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. सुटीच्या कागदावर पावडरीचं नाव आणि माप लिहिलेलं असतं, ती कशासाठी आहे हे बहुधा कोणी बसून सांगितलेलं नसतं. ते सांगायला हवं होतं.

आता पुन्हा स्वतःहून पहिल्या मापानं सुरू करू नका. बाळ आता दोन किलोच्या वर गेलं आहे, थेट अंगावर पितं आहे. या टप्प्यावर काही डॉक्टर पावडर चालू ठेवतात, काही ती थांबवून कॅल्शियम-फॉस्फरसचं सिरप देतात. कोणता मार्ग घ्यायचा ते त्यांना ठरवू द्या. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. दुकानात ‘बाळाचं कॅल्शियम’ म्हणून मागितलं की कधी कधी नुसतं कॅल्शियम कार्बोनेटचं सिरप हातात पडतं. त्यात फॉस्फरस नसतं. तुमच्या मुलीला ज्याची सर्वांत जास्त गरज दिसते तेच त्यात नाही. बाटलीवर कॅल्शियम फॉस्फेट लिहिलंय का ते वाचा, नसेल तर घेऊ नका. आणि सिरप कोणतंही असो, दिवसभरात थोडं थोडं, दुधासोबत द्यायचं. लोहाचे थेंब त्याच्याबरोबर देऊ नका, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या, नाहीतर एक दुसऱ्याला शोषू देत नाही.

मग व्हिटॅमिन डीचं काय? ते लागतंच. फक्त त्याचं काम काय आहे ते समजून घ्या.

तुम्ही गरोदर असताना तुमच्या रक्तातलं डी नाळेतून बाळाकडे जात होतं. नेमकं सांगायचं तर लिव्हरमध्ये एकदा बदल होऊन तयार झालेलं २५-हायड्रॉक्सी डी जातं, रिपोर्टमध्ये जे मोजतात तेच. जन्मतः बाळाची पातळी आईच्या पातळीच्या साधारण अर्ध्या ते पाऊणपट असते. आईचं कमी तर बाळाचं त्याहून कमी. हा साठा रक्तात दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतो. आईच्या दुधात तर डी नगण्यच असतं, लिटरभर दुधात काही दहा युनिट, आणि तुमची मुलगी दिवसाला तीन-सव्वातीनशे मिलिलिटर पीत असेल. म्हणून थेंब हवेत, आणि ते रोज हवेत.

थेंबातून आलेलं डी आतड्यातून रक्तात जातं, लिव्हर त्यावर पहिली प्रक्रिया करतं, मूत्रपिंड दुसरी करतं आणि तिथं कॅल्सिट्रिऑल हे खरं काम करणारं रूप तयार होतं. पुष्कळ पालकांना वाटतं की कमी दिवसांच्या बाळाचं लिव्हर-मूत्रपिंड कच्चं, म्हणून त्याला साधं डी लागू पडत नसेल, काही तरी तयार, महागडं रूप द्यायला हवं. तसं नाही. अठ्ठावीस आठवड्यांच्या आसपास या दोन्ही पायऱ्या चालू झालेल्या असतात. उलट अशा बाळांच्या रक्तात कॅल्सिट्रिऑल बऱ्याचदा भरपूर सापडतं. लिव्हरमध्ये पित्त साचलं असेल किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर गोष्ट वेगळी, तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

हे कॅल्सिट्रिऑल आतड्याला सांगतं की दुधातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस जास्त उचल. इथं एक बारीक गोष्ट आहे. पहिल्या काही आठवड्यांत कमी दिवसांच्या बाळाचं आतडं कॅल्शियम मुख्यतः आपसूक शोषतं, दुधात जितकं असेल त्या प्रमाणात. डीच्या आज्ञेनं चालणारी व्यवस्था हळूहळू पक्की होते. थोडक्यात, दुधात मालच कमी असेल तर डी वाढवून उपयोग मर्यादित. विटा-सिमेंट आलेलं नसताना गवंडी वाढवून भिंत उभी राहत नाही.

आणि याहून महत्त्वाचं असं की फॉस्फरस कमी पडलं की शरीर स्वतःच कॅल्सिट्रिऑल वाढवतं. आतड्यातून पुरेसं मिळत नसलं की ते हाडातून खनिज सोडवून रक्तात आणतं. म्हणून रक्तातलं कॅल्शियम ९.८ असं छान दिसतं. ते हाडानं दिलेलं असू शकतं. जास्तीचं कॅल्शियम मग लघवीवाटे बाहेर पडतं आणि मूत्रपिंडात साचायची भीती असते. अशा बाळाला वरून सहा लाख युनिटचं इंजेक्शन दिलं तर काय होईल, याची कल्पना करा.

त्या इंजेक्शनाबद्दल मी अगदी ठाम आहे. सहा लाख युनिट म्हणजे रोजच्या ४०० युनिटच्या हिशेबानं पंधराशे दिवसांचा, चार वर्षांहून जास्त काळाचा डोस, दोन किलोच्या जिवाला एका सुईत. साठ हजारांची पुडी म्हणजे तिच्या ८०० च्या डोसाचे पंच्याहत्तर दिवस एका घोटात. डी चरबीत साठतं. एकदा आत गेलं की काढून घेता येत नाही, रक्तातलं कॅल्शियम आठवडेच्या आठवडे चढं राहू शकतं. बाळ दूध टाकतं, उलट्या होतात, शी कडक होते, लघवी वारेमाप होते, अंग सुकतं, मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दूधपावडरीत आणि इतर खाण्यात डीचं प्रमाण फार वाढलं होतं, तेव्हा काही बाळांचं कॅल्शियम धोकादायक वाढलं आणि सरकारला ते प्रमाण खाली आणावं लागलं. सगळी बाळं तेच खात असताना काहींनाच का झालं, याचं एक कारण २०११ साली सापडलं : काही जणांमध्ये जादा डी मोडून टाकणारं एन्झाइम जन्मतःच काम करत नाही. कोणत्या बाळात ते नाही हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही. एकदाच देऊन मोकळं होण्याचा मार्ग म्हणूनच इतक्या लहान बाळासाठी नाही. चांगल्या मनानं सांगणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगा, कदाचित त्यांच्या ओळखीतलं दुसरं बाळ वाचेल.

आता तुमचे थेंब. इथं मला शंका आहे आणि ती तुम्ही पाच मिनिटांत दूर करू शकता. आपल्याकडे डीचे थेंब वेगवेगळ्या ताकदीचे मिळतात. एका बाटलीत एका मिलिलिटरला ४०० युनिट, दुसरीत ८००, आणि खोकी इतकी सारखी की दुकानदारही गडबडतो. तुमची पहिली बाटली ८०० वाली असेल आणि दुसरी ४०० वाली, तर ‘एक ड्रॉपर’ म्हणजे अर्धाच डोस जातोय, आणि १६ या आकड्याचं निम्मं कारण तिथंच सापडेल. उलटंही होऊ शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जून २०१० मध्ये पालकांना याच गोष्टीसाठी सावध केलं होतं : काही बाटल्यांबरोबरच्या ड्रॉपरमध्ये बाळाच्या दिवसाच्या डोसापेक्षा पुष्कळ जास्त औषध मावत होतं. तेव्हा ‘एक ड्रॉपर’ हे माप विसरा. बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती युनिट ते वाचा, डॉक्टरांनी सांगितलेल्या युनिटना किती मिलिलिटर होतात ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या आणि त्याच बाटलीचा ड्रॉपर वापरा. काही बाटल्यांवर मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं, १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. डोस गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. दुधाच्या पूर्ण वाटीत घातला आणि बाळानं अर्धी वाटी टाकली तर काय पोटात गेलं ते कोणालाच कळत नाही.

दुसरी बेरीज : डी एकाच बाटलीतून येत नाही. मल्टिव्हिटॅमिन थेंबात असतं, पुष्कळशा कॅल्शियम सिरपमध्ये असतं, एचएमएफमध्ये असतं, पावडरच्या दुधातही असतं. नवं सिरप सुरू होईल तेव्हा सगळ्या बाटल्या आणि पुड्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर टेबलावर मांडा आणि सरळ विचारा, सगळं मिळून रोज किती होतं? कमी दिवसांच्या बाळासाठी वेगवेगळ्या संस्थांचे आकडे थोडे वेगळे आहेत. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं, २०१७ च्या सूचनांमध्ये ४०० युनिट सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये दीड किलोहून कमी वजनाच्या बाळांसाठी सहा महिन्यांपर्यंत रोज ४०० ते १००० म्हटलं. हजाराच्या वर नेहमीसाठी कोणी जात नाही. तुमच्या डॉक्टरांनी ८०० का निवडले असतील याचाही अंदाज येतो. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८ ते ३४ आठवड्यांच्या बाळांना ४०० किंवा ८०० युनिट देऊन पाहिलं. प्रसूतीच्या मूळ तारखेच्या सुमारास ४०० घेणाऱ्यांपैकी ६७ टक्के बाळांत डी कमी होतं, ८०० घेणाऱ्यांत ३८ टक्के. पण हाडातल्या खनिजाचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. हा अभ्यास मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. डीचा आकडा सुधारणं आणि हाड भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या १६ च्या आकड्याबद्दल आणखी एक. कागदावर ३० च्या खाली सगळं अपुरं असं छापलेलं असेल. मुलांसाठी साधारण २० च्या वर पुरेसं मानतात आणि १२ च्या खाली खरी कमतरता. १६ म्हणजे कमी, पण भयंकर नाही. शिवाय तान्ह्या बाळांच्या रक्तात डीचं एक जुळ्यासारखं दिसणारं रूप असतं, त्याचा प्रभाव कमी असतो, आणि तपासणीच्या काही पद्धती त्याला वेगळं काढू शकत नाहीत. तेव्हा हा आकडा दर पंधरा दिवसांनी तपासत बसू नका. एवढ्याशा अंगातलं रक्त काढायचं असतं, त्याचाही हिशेब असतो. फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा नक्की तपासा. साधारण दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं ते बघतात, आणि खनिज नीट जायला लागलं की आधी फॉस्फरस वर येतं, मग अल्कलाइन फॉस्फेटेज उतरायला लागतं. कदाचित ते पॅराथायरॉइड हार्मोन आणि लघवीतलं कॅल्शियम-फॉस्फरसही तपासतील. खरी टंचाई फॉस्फरसची आहे की कॅल्शियमची, हे त्यावरून कळतं. कॅल्शियमची असेल आणि नुसतं फॉस्फरस दिलं तर हाड आणखी झिजतं, म्हणून हा निर्णय घरी घ्यायचा नाही.

सासूबाईंच्या कोवळ्या उन्हाबद्दल. उन्हानं कातडीत डी तयार होतं हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण ज्या किरणांनी ते तयार होतं ते सकाळी सातच्या तिरप्या उन्हात जवळजवळ नसतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाच्या उन्हात ते असतात, आणि त्या उन्हात कमी दिवसांचं बाळ उघडं ठेवायचं नाही. तिची कातडी पातळ आहे, अंग पटकन तापतं, पटकन गारही पडतं. खिडकीच्या काचेतून तर ते किरण आत येतच नाहीत. सहा महिन्यांपर्यंत थेंब हाच तिचा खात्रीचा मार्ग. तिला ऊब हवी असेल तर छातीशी कांगारूसारखं धरा, आणि हे काम सासूबाईही करू शकतात. आजीच्या छातीवर बाळ तितकंच छान झोपतं.

हाडं सावरेपर्यंत हाताळणी जपून. लंगोट बदलताना दोन्ही घोट्यांना धरून पाय वर उचलू नका, कमरेखाली तळवा घालून उचला. काखेत धरून लटकवू नका. मालिशवाल्या बाईंना सध्या थांबवा. हातपाय ओढणं, फुलीसारखे मुरडणं, उलटं धरणं यातलं काहीही नको. तुम्ही स्वतः तेलाचा हात हलकेच फिरवलात तर चालेल, जोर न देता. एखादा हात किंवा पाय बाळ हलवत नसेल, तिथं सूज असेल, उचलताना नेहमीपेक्षा वेगळं, कळवळून रडत असेल, श्वास भरभर चालला असेल, झटके आले किंवा दूध पिणंच सोडलं, तर फोनवर विचारत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

राहिला तुमचा ‘माझ्यामुळे’ हा शब्द. लखनौमध्ये गरोदर बायकांच्या तपासणीचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यात ८४ टक्के बायकांचं डी कमी निघालं होतं, आणि लखनौला ऊन काही कमी नाही. तुमचं कमी होतं म्हणून तुमच्या मुलीनं थोड्या कमी शिदोरीवर सुरुवात केली, एवढंच खरं. आजच्या अडचणीचं मूळ ती दहा आठवडे आधी आली यात आहे, आणि ते तुम्ही केलेलं नाही. पण तुमचं स्वतःचं डी आता कोणी पाहतंय का? बाळंतपणानंतर सगळी तपासणी बाळाची होते आणि आईची फाइल कपाटात जाते. तुम्ही नऊ आठवडे दूध पाजताय, झोप नाही, कंबर-पाठ दुखत असेल. उद्या फोन कराल तेव्हा तुमच्या प्रसूतितज्ज्ञांचीही वेळ घ्या. मोठ्या माणसाला साठ हजारांची पुडी डॉक्टरांच्या सल्ल्यानं ठराविक आठवडे देतात, ती तुम्हाला चालेल की रोजची गोळी, ते त्या सांगतील. तुम्ही डी घेतल्यानं दुधातून बाळाला पुरेसं जाईल असं मात्र समजू नका, तिचे थेंब चालूच राहतील. आणि तुमची पुडी वेगळ्या कपाटात, वेगळ्या डब्यात ठेवा, रात्री अर्धवट झोपेत हात चुकायला नको.